सूर्यफुलांच्या मागचा गहू

दुपारची झोप मोडून आजच्या समारंभाचं अध्यक्षपद स्वीकारणारे आदरणीय माजी आयुक्त. ज्यांना निरोप देणं सगळ्यांच्या जिवावर आलं आहे असं माझ्याआधीच्या प्रत्येक वक्त्याने सांगितलं ते आपले कृषी संचालक साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि लग्नानंतर साहेबांच्या शेजारी सलग इतका वेळ बसायला बहुधा प्रथमच मिळालेल्या बाईसाहेब. व्यासपीठाच्या कडेला शिक्क्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या कार्यालयाच्या हेडक्लार्क, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. पहिल्या रांगेतले, ज्यांच्या सौजन्याने आजचे पुष्पगुच्छ आणि नंतरचा चहा आहे ते घाटापलीकडचे व्यापारी. सभागृहातले कर्मचारी बंधुभगिनी. आणि आत जागा न उरल्यामुळे बाहेर गोदामाच्या फाटकापाशी आपापल्या ट्रॉलीवर बसून कर्ण्यातून माझा आवाज ऐकणारे माझे शेतकरी मित्र. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर तो झाला असं समजून घ्यावं.

सूत्रसंचालकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनच शब्द बोलून खाली बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि तो नेमका आज दिसावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. मी इथल्या उत्पादक संघाचा अध्यक्ष. तोंडावर मला अध्यक्ष म्हणतात, माघारी पाल्हाळबुवा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. या गोदामाच्या उद्घाटनाला मी बोलायला उभा राहिलो होतो, तेव्हा फीत कापायला आलेले पाहुणे शेवटी फितीखालून वाकून निघून गेले. ती फीत पुढे कित्येक दिवस तशीच होती. तेव्हापासून मला आभार मानायचंसुद्धा काम कुणी देत नाही.

आज मात्र कार्यक्रमपत्रिकेवर माझं नाव छापलेलं आहे, आणि तेही सहीच्या बरोब्बर आधी. मला वाटलं छपाईची चूक असेल. चौकशी केली तर कळलं की नाव खुद्द साहेबांनी घातलं. का घातलं, ते मी त्यांना विचारलं नाही. मोठ्या माणसाने दिलेल्या मानाचं कारण विचारू नये.

आता त्या सहीबद्दल. बाहेरच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. टेबलावर पुष्पगुच्छांच्या मागे एक हिरवी फाईल आहे. माझं भाषण संपलं की साहेब आपल्या कारकिर्दीतली शेवटची सही इथे, आपल्या सगळ्यांसमोर करणार आहेत. छायाचित्रकार त्यासाठी पुढे येऊन गुडघ्यावर बसला आहे. बस बाबा खाली नीट, अजून अवकाश आहे. सही कसली, तर शेजारचं सरकारी धान्य खरेदी केंद्र कायमचं बंद करण्याच्या आदेशावरची. उद्या हंगामाचा पहिला दिवस. एकदा फाटक उघडून पहिली ट्रॉली काट्यावर चढली, की हंगाम संपेपर्यंत केंद्र बंद करता येत नाही, असा जुना नियम आहे. म्हणून सही आजच व्हायला हवी. नवे साहेब येणार पुढच्या आठवड्यात. आज सही झाली नाही तर काय होईल, हे मी बोलत नाही. आनंदाच्या दिवशी अभद्र कशाला बोला?

बाहेर ज्या ट्रॉल्या उभ्या आहेत त्यांत गहू आहे. फाटकाला नाक लावून उभी असलेली, निळी ताडपत्री बांधलेली पहिली ट्रॉली माझ्या वहिनीची. दादाचं खुब्याचं हाड मोडलं, तो खाटेवर आहे. म्हणून वहिनीच ट्रॅक्टर चालवत काल संध्याकाळी इथे येऊन थांबली. या केंद्राशिवाय गहू घेणारा आसपास कुणी नाही. म्हणजे एक आहेत, ते पहिल्या रांगेत बसले आहेत. नव्या धोरणानुसार शेतकऱ्याला आपला माल कुठेही, कुणालाही, कधीही विकायचं पूर्ण स्वातंत्र्य मिळणार आहे. घाट उतरून पलीकडे गेलं की त्या स्वातंत्र्याचं एकच दुकान आहे, आणि सकाळी सांगितलेला भाव दुपारी आठवायचा की नाही, याचं स्वातंत्र्य दुकानदाराला आहे. तुम्ही हसताय, त्याअर्थी तुम्हीही तिथे जाऊन आलेले दिसता.

पण मी साहेबांबद्दल बोलायला उभा आहे.

साहेब या जिल्ह्यात आले तो दिवस मला आठवतो. याच सभागृहात त्यांनी पहिलं भाषण केलं. ते म्हणाले, हा जिल्हा मागास आहे, कारण हा जिल्हा गहू पिकवतो. जगाला गहू नको आहे, जगाला तेल हवं आहे. सूर्यफूल लावा. तुम्ही पीक बदला, नशीब आपोआप बदलेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. बियाणं फुकट होतं, टाळ्याही फुकट होत्या. शिवाय राजधानीतल्या धोरणकर्त्यांनी तेलाची गिरणी कबूल केली होती. गिरणीची कोनशिला बसवलीही, मोठ्या रस्त्याच्या कडेला, चांगली संगमरवरी. गिरणी मात्र वाटेत कुठेतरी चुकली असावी. आता त्या कोनशिलेवर बसचे उतारू बसतात. उन्हाळ्यात गार लागते, लोक तिला नावं ठेवत नाहीत.

गिरणी नाही म्हटल्यावर सूर्यफूल घेणार कोण? वहिनीने पहिल्या वर्षी प्रामाणिकपणे अर्ध्या शेतात लावलं. पाखरांनी पोटभर खाल्लं. उरलं ते पोत्यात भरून दादा सगळीकडे फिरला आणि घरी परत घेऊन आला. दुसऱ्या वर्षी तिने सरळ गहू पेरला. सगळ्यांनीच पेरला. आता प्रश्न आला साहेबांचा. एवढा उमदा अधिकारी, त्याचं मन मोडायचं कसं? आणि फुकटचं बियाणं नको म्हणायचं तरी कसं?

इथे मला साहेबांची पाहणी करायची पद्धत सांगायला हवी, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. साहेबांच्या आधीचे अधिकारी पाहणीला आले की बांधावरून चालत आत जायचे, चप्पल चिखलात रुतवायचे, कुणाच्यातरी ओसरीवर पाणी प्यायचे आणि दिवसाला एक गाव करायचे. साहेबांनी पाहणीत सुधारणा केली. पाहणी जीपमधून. जीप रस्त्यावर, साहेब जीपमध्ये, आणि शेजारी नोंद घेणारा. डावीकडे काय दिसतं, सूर्यफूल. उजवीकडे काय दिसतं, सूर्यफूल. लिहा. दिवसात अख्खा तालुका. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं आमच्यातले काही कुजके लोक म्हणायचे. मी नाही म्हणायचो. साहेबांच्या कमरेला त्रास होता, हे मला माहीत होतं. आणि शितावरून भाताची परीक्षा करायची पद्धत काही त्यांनी काढलेली नाही.

मग आमच्या लोकांनी काय केलं? रस्त्याच्या कडेने, चार-दोन सरींत, सूर्यफूल लावलं. पाठीमागे गहू. रस्त्यावरून पाहिलं तर जिकडेतिकडे पिवळंधमक. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुठे बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. एकाने लावलं, दुसऱ्याने पाहिलं. संघाच्या बैठकीत साध्या पाण्याच्या पाळीवरून आमचं एकमत होत नाही, पण या बाबतीत सगळा जिल्हा एका रांगेत उभा राहिला.

एकदाच पंचाईत झाली होती. राजधानीहून कॅमेरावाले येणार होते. साहेब आदल्या दिवशी जीपमधून निघाले आणि त्यांच्या लक्षात आलं की रस्त्याच्या एका बाजूची फुलं रस्त्याकडे पाहतात आणि दुसऱ्या बाजूची पाठ करून उभी आहेत. सूर्यफूल मोठं झालं की त्याचं तोंड पूर्वेला ठरून जातं, मग ते कुणासाठी वळत नाही. साहेबांनी जीप थांबवून विचारलं, ‘‘यांची तोंडं तिकडे का?’’ शेजारचा सहायक हुशार होता. तो म्हणाला, ‘‘साहेब, आपल्यापुढे संकोचतात.’’ पुढच्या हंगामात परिपत्रक निघालं, की सूर्यफुलाची लागवड शक्यतो रस्त्याच्या पश्चिमेकडेच करावी, म्हणजे फुलांची तोंडं रस्त्याकडे येतील. मी ते परिपत्रक संघाच्या फलकावर स्वतः लावलं. असं परिपत्रक दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने काढलं असेल असं मला वाटत नाही.

सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘आटोपते घ्यावे.’ घेतो. चिठ्ठीबद्दल आभार.

तर साहेबांचा जिल्हा पीकबदलात देशात पहिला आला. साहेबांना राजधानीत पदक मिळालं. परत आले तेव्हा स्वागताला आम्ही सगळे स्टेशनवर होतो, आणि हातात काय होतं, तर सूर्यफुलं. वहिनीनेच तोडून दिली होती. ती म्हणाली, ‘‘भाऊजी, न्या. एवीतेवी पाखरंच खाणार.’’ मला सांगा, यात कुणाचं काय बिघडलं? साहेब खूश, राजधानी खूश, आम्ही आमचा गहू केंद्रावर घालत होतो, आम्हीही खूश. केंद्रातले लोक गहू मोजून घेत होते. एकाच कार्यालयाच्या एका खोलीत जिल्ह्यात गहू नव्हता आणि शेजारच्या खोलीत त्याला जागा पुरत नव्हती. दोन्ही खोल्यांच्या मधलं दार लाकडाचं आहे, ते पावसाळ्यात फुगतं आणि उघडत नाही.

बिघडलं ते पुढे. राजधानीत नवे सल्लागार आले, हिशेबी माणसं. त्यांनी जिल्ह्याचे अहवाल वाचले. आता अहवाल कुणी वाचेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी वाचले आणि सरळ प्रश्न विचारला. ज्या जिल्ह्यात धान्याचा एक दाणा पिकत नाही, तिथे धान्य खरेदी केंद्र कशासाठी? प्रश्न बिनतोड आहे. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. केंद्र बंद करा, गोदाम भाड्याने द्या. भाड्याने कोण घेणार, हे चहा पिताना आपण त्यांचे आभार मानू तेव्हा कळेलच.

आम्ही साहेबांकडे गेलो. मी, वहिनी आणि आणखी चारजण. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. माणूस सभ्य, त्यात शंका नाही. मी बोलायला सुरुवात केली, पण वहिनीला माझ्या सुरुवाती माहीत आहेत. तिने पदराची गाठ सोडली आणि ओंजळभर गहू साहेबांच्या टेबलावर ओतला. साहेबांनी आधी कागद बाजूला सरकवले. मग दाणे पाहिले, बोटाने फिरवले. म्हणाले, ‘‘चांगला आहे. कुठून आणला?’’

वहिनी म्हणाली, ‘‘शेतातून.’’

साहेब म्हणाले, ‘‘ते कळलं. कुठल्या जिल्ह्यातल्या?’’

हसू नका. साहेबांनी ते खरोखर विचारलं होतं, चेष्टा म्हणून नाही. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण माणसाने आयुष्यभर आरशातच पाहिलं असेल तर त्याने हाताकडे का पाहावं? साहेब म्हणाले, ‘‘बाई, तुमचा एखादा अपवाद असेल. धोरण अपवादावर चालत नाही.’’ वहिनीने दाणे वेचून परत पदरात बांधले. एक दाणा काचेखाली गेला, तो तिने बोट घालून काढला. जिना उतरताना ती मला म्हणाली, ‘‘भाऊजी, चूक त्यांची एकट्याची नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा आपणच लावला.’’

हे तिचं मत. माझं मत निराळं आहे. पडदा आम्ही लावला, पण पडद्यामागे डोकावून पाहायचा पगार आम्हाला नव्हता.

दुसरी चिठ्ठी. ‘चहा निवतो आहे.’ चहाचे यजमान पहिल्या रांगेत आहेत, त्यांना पुन्हा उकळायला परवडेल.

साहेबांची एक सुधारणा मात्र खरी आहे, आणि ती मी टोमणा न मारता सांगणार आहे. साहेब येण्याआधी या कार्यालयात सह्या कुठेही व्हायच्या. जेवणाच्या ताटाशेजारी, लग्नाच्या मांडवात, एकदा तर बदली होऊन गेलेल्या साहेबांनी महिनाभराने मागची तारीख घालून केली होती. ज्याला जे हवं ते त्याने अधिकाऱ्याच्या घरी जाऊन सही करून आणावं. साहेबांनी नियम केला. कार्यालय सुटल्याची घंटा झाली की शिक्का मोठ्या बाईंच्या पेटीत आणि पेटी कपाटात. शिक्क्याशिवाय आदेश नाही, आणि घंटेनंतर शिक्का नाही. अध्यक्ष महोदय, असा नियम करणारे पुष्कळ असतात. पण एकदा मंत्र्यांकडून फोन आला होता, माणूस टेबलासमोर उभा होता, साहेब सही करत होते आणि मधेच घंटा झाली. साहेबांनी अर्ध्या नावावर पेन उचललं आणि म्हणाले, ‘‘उद्या या.’’ मी तेव्हा बाकावर बसून माझी पाळी यायची वाट पाहत होतो. माझंही काम राहिलं, पण त्या दिवशी हा माणूस मला आवडला. पुढे कितीही राग आला तरी तेवढी आवड शिल्लक राहिली, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आजही मोठ्या बाई पेटी घेऊन इथे बसल्या आहेत. घंटा कार्यालयाच्या व्हरांड्यात आहे, पण ती इथे स्वच्छ ऐकू येते. कुणाच्या मनात येईल की पाल्हाळबुवा वेळ काढतो आहे. छे. माझ्या बोलण्याची ही नेहमीचीच चाल आहे, विचारा कुणालाही. फितीखालून गेलेल्या पाहुण्यांना विचारा.

तिसरी चिठ्ठी आली. ही सूत्रसंचालकांच्या अक्षरातली नाही. अक्षर व्यापारी आहे. ‘सही राहिली आहे.’ पहिल्या रांगेला एवढी घाई असेल असं वाटलं नव्हतं. अध्यक्ष महोदयांचा डोळा लागलेला दिसतो, त्यांना उठवून मी परवानगी मागत नाही. कार्यक्रमपत्रिकेत क्रम ठरलेला आहे, आणि पत्रिका मंजूर करताना साहेबांनीच लिहिलं होतं, की मंजूर क्रमात बदल करू नये.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आहे.

मी पाहिलं, साहेब. फाईलही पुढे ओढलीत. छायाचित्रकार पुन्हा गुडघ्यावर आला.

मग मी एक गोष्ट सरळ सांगतो आणि थांबतो. नंतर तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पत्रिकेतला क्रम तुमचा आहे, तुम्ही मोडलात तर मी तक्रार करणार नाही.

काल संध्याकाळी मी वहिनीला डबा घेऊन इथे फाटकापाशी आलो. नेहमी उलट असतं. माझी बायको गेल्यापासून दोन्ही वेळचं जेवण वहिनीकडे. ती ताट वाढते, दादा माझ्या लांबणीला जांभया देतो, मी बोलत राहतो. काल ती ट्रॉलीच्या कडेवर बसून जेवली आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, गहू परत न्यावा लागला तर मी पुढच्या वर्षी पेरणार नाही. यांना आता उठवत नाही, मला एकटीला होत नाही. शेत व्यापाऱ्यांना कसायला देते आणि आम्ही दोघं लेकीकडे शहरात जातो.’’ मी म्हटलं, ‘‘बरोबर आहे.’’ दुसरं काय म्हणणार? मग ती म्हणाली, ‘‘तुमचं काय?’’ मी म्हटलं, ‘‘माझं काय, मी संघाचा अध्यक्ष आहे.’’

साहेब, मला भीती वाटते. मी एवढी वर्षं बोलतो आहे, पण हे वाक्य मी कुठल्याही सभेत बोललेलो नाही. ते घर बंद झालं तर मला जायला दुसरं घर नाही. धोरण, सुधारणा, खुला बाजार, यांवर मी तुमच्याशी सकाळपर्यंत वाद घालू शकतो. पण काल मी तो रिकामा डबा घेऊन घरी गेलो आणि दिवाही लावला नाही. माझं बोलून झालं. मी थांबलो. करा सही.

काय म्हणालात?

बाहेरच्यांसाठी सांगतो, साहेबांनी मला एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्यापुढे माईक नाही, म्हणून मीच मोठ्याने सांगतो. साहेब विचारताहेत, ‘‘तुमच्या वहिनींचं शेत रस्त्यापासून किती आत आहे?’’

साहेब, एवढ्या वर्षांत हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलात. याचं उत्तर थोडक्यात देता येत नाही. तुम्हाला उतरावं लागेल. पेन ठेवा क्षणभर, हातात काही असलं की बांधावर तोल जातो.

जीप कोनशिलेपाशी थांबवा. तिथून उजवीकडे पायवाट आहे. आधी तुमची सूर्यफुलं लागतील. आता वाळून काळी पडली आहेत, माना खाली घातल्या आहेत. खांद्याला खरखरीत लागतात, शर्टाची बाही खाली घ्या. चार पावलं टाकलीत की संपली. संपली, साहेब. तुमच्या अहवालातला जिल्हा तिथे संपतो. त्यापुढे सगळं मोकळं आहे. पीक उभं असतं तर छातीएवढा गहू दिसला असता, आता तो बाहेर ताडपत्रीखाली आहे. आता नुसती धसकटं. जपून पाय टाका, टोचतात. मधल्या बांधावरून चला. बांध वाकडा आहे, कारण आमच्या आजोबांनी आणि शेजारच्या आजोबांनी तो भांडत भांडत घातला. कंबर दुखायला लागली तर डाव्या हाताला विहिरीचा कठडा आहे, तिथे टेका. घाई नाही. मागे वळून पाहिलंत तर सूर्यफुलांची ओळ दिसेल, ती पाठीमागून. तिच्यातून रस्ता दिसतो, रस्त्यावरची जीपही दिसते. आम्ही इथून तुम्हाला दर वर्षी पाहत होतो. तुम्ही डावीकडे पाहायचात, उजवीकडे पाहायचात, आणि दादा म्हणायचा, ‘‘यंदा तरी उतरतील बघ.’’ तो चेष्टेने नाही म्हणायचा. वहिनी घागर भरून ठेवायची.

विहिरीपासून घर दिसतं. पत्र्याचं आहे, दाराला निळा रंग. दादा अंगणात खाटेवर असेल. त्याला उठता येणार नाही, पण तो उठायचा प्रयत्न करील, तुम्ही नको म्हणा. तो तुम्हाला विचारील, ‘‘गहू उतरला का काट्यावर?’’ कालपासून जो येईल त्याला तो हेच विचारतो. तुम्ही त्याला काय सांगायचं, ते माझ्या भाषणात बसत नाही. ते तुम्ही आणि तो पाहून घ्या.

ही घंटा.

ऐकू आली ना बाहेर? कार्यालयाचीच आहे.

मोठ्या बाई उठल्या आहेत. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. पेन अजून फाईलवर आडवं आहे, टोपण लावलेलं. साहेब, टोपण तुम्ही कधी लावलंत ते मी पाहिलं नाही. मी बोलण्याच्या भरात होतो. घंटेआधी लावलंत की नंतर, हे मी कुणाला विचारणार नाही, आणि कुणी मला विचारलं तर मला दिसलं नाही, हेच सांगेन.

मोठ्या बाई पेटी घेऊन निघाल्या. त्यांना वाट द्या. छायाचित्रकाराने फोटो काढायचाच असेल तर साहेब आणि बाईसाहेब यांचा काढावा, दोघंही आता मोकळे आहेत.

साहेब, जाता जाता एक अडचण सांगतो. फाटकापासून पार रस्त्यापर्यंत ट्रॉल्या उभ्या आहेत, आणि आता त्या सकाळपर्यंत हलणार नाहीत. तुमची जीप आत येऊ शकत नाही. तुम्हाला रस्त्यापर्यंत चालत जावं लागेल, कमरेसाठी मी हात देईन. वाटेत लोक ताडपत्र्या बाजूला करून दाखवतील. निळ्या ताडपत्रीपाशी थांबा. वहिनी पाणी देईल, घागर तिने भरून आणली आहे.

निरोपाच्या प्रसंगी मला बोलू दिल्याबद्दल साहेबांचे, झोपेतही मान डोलवत साथ दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, चिठ्ठ्यांबद्दल सूत्रसंचालकांचे, आणि गार झालेल्या चहाबद्दल व्यापारी मित्रांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर तो माझ्या सवयीच्या खात्यावर घालावा. वेळेचं भान राहिलं नाही, ही एक चूक मात्र माझी आहे, आणि तिच्याबद्दल क्षमा मागायला मी उद्या सकाळी काट्यापाशी हजर असेन.